फुकटच्या शर्यतीचा हिवाळा

नोव्हेंबरच्या मध्यावर कधीतरी इथे आखातात, अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीतले एसी एकेक करून बंद होतात आणि उन्हाळाभर मिटलेल्या खिडक्या उघडतात. मग शेजारची फोडणी कळते, खालच्या मजल्यावरचं भांडण कळतं, समोरच्या गॅलरीत कोणी गोधडी उन्हात घातली तेही दिसतं. ऑफिसात लोक 'वेदर काय मस्त झालंय' असं एकमेकांना सांगत फिरतात. त्यांनीच ते तयार केलंय असा एकूण आव असतो. मलाही हा ऋतू आवडायचा. या देशात आल्यावर पहिली काही वर्षं मी गार वारा सुटला की मुद्दाम पायी बाजाराला जायचे आणि दोन-दोन पिशव्या उचलून परत यायचे. आता पहिली झुळूक अंगावर आली की मी खिडकी लावून घेते, कारण नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या, फोनवर 'अभ्यास वर्ग' नावाचा ग्रुप जागा होतो.

परवा जेवताना तो म्हणालाच. "सीझन सुरू झाला बरं का. शनिवारी जबल अलीचं रेसकोर्स. डबा काय करतेस?"

"काही नाही."

"अगं, असं काय करतेस? नुसतं बसायचं, गवतावर. ओपन एअर. आणि फुकट तर आहे!"

हा फुकट शब्द त्याने उच्चारला की मला हातातली पोळी खाली ठेवावीशी वाटते. चाळिशी ओलांडलेला, जबल अलीच्या एका गोदाम कंपनीत मॅनेजर असलेला, नीटनेटका भांग पाडणारा माणूस, आणि या एका शब्दावर त्याच्या चेहऱ्यावर जे काही पसरतं ते लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी आली की काही लोकांच्या चेहऱ्यावर पसरतं तसं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे घोड्यांवर पैसे लावायला बंदी आहे. रेसकोर्सवर प्रवेश मात्र मोफत, आणि आत गेलं की एक कागद हातात देतात, तोही मोफत. त्या दिवशीच्या सहा शर्यतींचे सहा विजेते ओळखायचे. सगळे बरोबर आले तर बक्षीस, आणि कोणालाच जमलं नाही तर ते पुढच्या वेळच्या बक्षिसात मिळवतात. खिशातला एक दिरहॅमही काढावा लागत नाही. आमच्या मराठी मध्यमवर्गाला आयुष्यात याहून सोयीचं काही मिळालेलं नाही. जुगार खेळायचा, आणि जुगार खेळत नाही म्हणून मान ताठ ठेवून घरी यायचं.

"आपल्यात जुगार नाही," असं कुलकर्णी दर शनिवारी न चुकता म्हणायचे. कुलकर्णी हे शिरीषचे मित्र, बँकेत आहेत, मूळचे सदाशिव पेठेतले. "हा अभ्यास आहे. शुद्ध ॲनालिसिस."

आणि खरोखरच अभ्यास करायचे हो. तेच तर किळसवाणं होतं. कोणी नशिबावर हवाला ठेवून डोळे मिटून आकडा लावला असता तर मी एक वेळ हसून सोडून दिलं असतं. पण दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखे हे लोक बसायचे. एक्सेलच्या शीट, रंगीत रकाने, घोड्याच्या मागच्या सहा शर्यती, कुठल्या अंतराची, कुठल्या ट्रॅकवर, पाठीवर वजन किती, शेवटच्या टप्प्यात मागे पडला का. पोरांच्या अभ्यासाला वेळ नसलेले बाप घोड्यांचा अभ्यास घेत होते. त्यातून एका माणसाला एकच कागद मिळतो, म्हणून घरातली माणसं मोजून न्यायची. बायका, वयात आलेल्या मुली, व्हिजिट व्हिसावर आलेले सासू-सासरे, सगळे. कुलकर्णींच्या सासूबाई बिचाऱ्या गुडघे धरून पायऱ्या चढायच्या आणि कशासाठी आणलंय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही त्या हिवाळ्यात सहलीला म्हणून जे नेलं जायचं ते खरं तर एक जादा कागद म्हणून.

तो हिवाळा म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा, मकरंदचा हिवाळा.

मकरंद माझा धाकटा दीर. शिपिंगच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका कंपनीत होता. कंपनीने तो विभागच बंद केला आणि त्याचा व्हिसा रद्द झाला. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला सवलतीची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी लागली तर राहायचं, नाही तर चालू पडायचं. त्याने शेअरिंगमधली खोली सोडली आणि आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर राहायला आला. बायको केतकी आणि छोटी मुलगी पुण्यात, केतकीच्या माहेरी. या वर्षी त्यांना इकडे आणायचं असं त्याने कबूल केलं होतं आणि मुलीने शाळेत तसं सांगूनही टाकलं होतं. हे सगळं आमच्या घरात प्रत्येकाला माहीत होतं. पोरगा महिन्या-दोन महिन्यांत कुठेतरी चिकटला पाहिजे, एवढी एकच गोष्ट खरं तर त्या हिवाळ्यात महत्त्वाची होती.

सुरुवातीला तो खरंच धडपडला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मेट्रोने जायचा, दुपारी उतरलेला चेहरा घेऊन यायचा. मी काही विचारायचे नाही. तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि वेळ जाईना म्हणून इंग्लंडमधल्या शर्यती बघायचा. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे मी ऑफिसातून येऊन कणीक मळत असताना हॉलमध्ये घोडे धावत असायचे.

"वहिनी, बघ ना," तो म्हणायचा. "हा ऑल-वेदर ट्रॅक. थंडीत तिकडे गवत गोठतं, म्हणून ही बनवलेली जमीन. वाळूला मेण लावतात, त्यात रबराचे तुकडे. पाऊस पडो, काही होवो, रेस कॅन्सल होत नाही."

"म्हणजे त्या घोड्यांना सुट्टीच नाही?"

"सुट्टी कसली? आठवडाभर चालू असतात."

मला तेव्हाही ते बघवलं नव्हतं. ढगाळ, अंधारलेल्या दुपारी दिव्यांच्या उजेडात तपकिरी जमिनीवर दहा-बारा घोडे जीव तोडून पळताहेत, आजूबाजूला बघायला फारसं कोणी नाही, आणि उद्या परत तेच. निसर्गाने थंडीचं निमित्त करून त्या जनावरांना जरा विश्रांती दिली होती, तीही माणसाने मेण लावून काढून घेतली. मकरंदला मात्र त्यात रस होता. तिकडच्या मधल्या दर्जाचे कितीतरी घोडे विकत घेऊन इकडे आणतात, आणि तिकडच्या मेणाच्या वाळूवर जिंकलेला घोडा इकडच्या वाळूवर चालेल की नाही, हे ओळखणं त्याला जमायला लागलं.

"इथे पुढच्याच्या टापांनी उडालेली वाळू मागच्याच्या तोंडावर येते," तो सांगायचा. "काही घोड्यांना ते सहन होत नाही. मान वळवतात, मागे हटतात. आणि जबल अलीला शेवटी चढ आहे. पहिल्यापासून पुढे पळणारा तिथे दमतो. नुसता स्पीड बघून उपयोग नाही."

हँडिकॅप म्हणजे काय तेही मला त्यानेच समजावलं. जो जिंकतो त्याच्या पाठीवर पुढच्या वेळी जास्त वजन. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. जो हरत राहतो त्याचं वजन कमी कमी होत जातं. चांगल्या-वाईट सगळ्यांनी एकदमच शेवटच्या रेषेवर पोचावं अशी त्यामागची कल्पना.

"मग काही दिवस मुद्दाम हरायचं, वजन उतरवून घ्यायचं, आणि मग जिंकायचं. असं नाही करत कोणी?" मी विचारलं. मी विमा कंपनीत क्लेम तपासते, माझं डोकं त्याच दिशेने चालतं.

मकरंद हसला. "तोच तर अभ्यास आहे वहिनी. कोण खरंच थकलाय आणि कोण थकल्याचं दाखवतोय, ते ओळखायचं."

त्याच्या डोळ्यांत तेव्हा जी चमक होती ती मी लग्न होऊन या घरात आल्यापासून कधी पाहिली नव्हती. शाळेत शिरीष पहिला यायचा आणि मकरंद कसाबसा पास व्हायचा. सासूबाई दोघांचे निकाल पाहुण्यांसमोर वाचायच्या. पुढे नोकरी, पगार, घर, सगळ्यात तेच. बिचाऱ्याला एक विषय सापडला होता, आणि मला आधी त्याचं बरंच वाटलं.

पहिल्या शनिवारी त्याने सांगितलेले चार घोडे जिंकले. पुढच्या वेळी पुन्हा चार, मग पाच. आणि आमच्या घरात जे सुरू झालं ते बघून मला माणसांची शिसारी आली.

जे कुलकर्णी आधी मकरंदला "काय रे, कुठे काही जमतंय का?" असं टीव्हीकडे बघत विचारायचे, ते आता दारातून आत येताना "गुरुजी आहेत का?" म्हणायला लागले. येताना खारे काजू आणायचे. त्याच्या हातात चहा आहे की नाही ते बघायचे. शिरीषला पहिल्यांदाच आपल्या भावाचा अभिमान वाटायला लागला आणि तो चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहू लागला. ग्रुप काढला, त्याला 'अभ्यास वर्ग' असं नाव दिलं, मकरंदला त्याचा ॲडमिन केलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडणारा मकरंद आता लुंगीवर लॅपटॉप घेऊन बसायचा, आणि कोणी त्याला 'आज कुठे गेला नाहीस?' असं विचारेना.

विचारलं ते फक्त माझ्या मुलीने, इराने. ती तेव्हा नववीत होती. कॉर्नफ्लेक्स खाता खाता सहज म्हणाली, "काका, डोन्ट यू हॅव इंटरव्ह्यूज धिस वीक?"

"इरा, कीप क्वाएट," शिरीष खेकसला. "काका इज वर्किंग."

त्या घरात त्या दिवसांत सगळ्यांनाच घोड्यांच्या भाषेची लागण झाली होती. इराला गणितात कमी पडले तर "ही शेवटच्या टप्प्यात ढेपाळते" असं शिरीष म्हणायचा. मला जिना चढताना दम लागला तर "चढ हिला मानवत नाही." ऑफिसातल्या नव्या माणसाबद्दल "अजून त्याचं खरं रेटिंग लागायचंय." आणि हसायचे सगळे. माणसाकडे बघून त्याच्यातून आपल्याला काय मिळेल एवढंच हिशेबात धरायची सवय लागली की ती घोड्यांपाशी थांबत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही म्हणणार, पण त्या हसण्याने माझं डोकं मात्र फिरायचं.

रेसकोर्सवरचं दृश्य आजही डोळ्यांसमोर आलं की तोंडाची चव जाते. वास्तविक जागा किती छान. हिरवळ, कोवळं ऊन, पोरं पकडापकडी खेळताहेत, अरबी बायका थर्मासमधून चहा ओतताहेत, दूर कुठेतरी बंदराच्या क्रेन. आपले लोक चटईवर बसलेले. माझी कोथिंबीर वडी, कुलकर्णीवहिनींचे मेथीचे ठेपले. आणि शर्यत सुरू झाली की हेच गृहस्थ, बँकेतले, गोदामातले, कुंपणाला पोटं लावून "मार! मार त्याला! चाबूक मार!" असं ओरडत असायचे. एकदा एक तांबूस घोडा शेवटचा आला. कुंपणाजवळून त्याला परत नेत होते. त्याच्या नाकपुड्यांत वाळू भरली होती, डोळ्यांच्या कडांना वाळूचा चिखल झाला होता, तोंडाला फेस, पोट भात्यासारखं वरखाली. मोतद्दार ओल्या स्पंजने त्याचे डोळे पुसत चालला होता. कुलकर्णी माझ्याशेजारीच उभे होते. हातात वडी, ओठांना तेल. त्यांनी तोंडातला घास न गिळताच त्या जनावराला शिवी हासडली.

"नालायक! आठवडाभर अभ्यास केला रे तुझा!"

घोड्याने कान मागे टाकले आणि तो पुढे गेला. मी उरलेला डबा तिथेच झाकला. इराने माझा हात धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

बक्षीस कोणालाच मिळत नव्हतं, त्यामुळे रक्कम पुढे पुढे जात फुगत चालली होती. आमच्या हॉलमध्ये ती आधी दिरहॅममध्ये सांगितली जायची, मग कोणीतरी मोठ्याने रुपयांत सांगायचं, आणि मग सगळे पुन्हा आपापल्या रकान्यांवर वाकायचे. मकरंदच्या मुदतीबद्दल मी विषय काढला की शिरीष म्हणायचा, "बघतोय ना मी. चार लोकांना सीव्ही दिलाय." केतकीचा फोन आला की मकरंद गॅलरीत जाऊन बोलायचा आणि परत आला की लॅपटॉप उघडण्याआधी काही क्षण नुसता बसून राहायचा. ते क्षण कमी कमी होत गेले.

मग तो मोठा शनिवार आला. त्या दिवशीचं सगळं मकरंदने असं मांडलं होतं की मलाही त्याचं कौतुक वाटावं. घोडे फिरवतात त्या रिंगणापाशी उभं राहून तो प्रत्येकाची चाल बघत होता, आणि बाकीचे त्याच्यापासून दोन पावलं मागे, त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून कुजबुजत. एरवी मोठ्या आवाजाशिवाय न बोलणारी माणसं! पाच शर्यती त्याने म्हटल्याप्रमाणे झाल्या. सहाव्या शर्यतीत ज्या घोड्यावर त्याचा सगळा भरवसा होता, तो सुरुवातीलाच गर्दीत अडकला. त्याच्या तोंडावर पुढच्यांची वाळू बसली, त्याने मान आडवी केली आणि चढाला लागायच्या आधीच तो पळणं सोडून दिल्यासारखा मागे राहिला.

परतीच्या गाडीतून उतरताना कुलकर्णी फक्त म्हणाले, "वाळू सहन होत नाही हे आधी कळायला हवं होतं, मकरंद." गुरुजी गेले, मकरंद परत आला. त्या दिवसानंतर काजू आले नाहीत, माणसंही आली नाहीत. मुदत संपत आली होती. शिरीषने त्याला विमानतळावर सोडलं, पुतणीसाठी खजुराचा डबा दिला, आणि घरी येऊन सोफा पूर्वीच्या जागी सरकवला.

इथवर मी त्याला दैव म्हणून सोडून दिलं असतं. नोकऱ्या नसतात, माणसं परत जातात, या देशात ते रोज घडतं.

पण त्यानंतर महिन्याभराने फारूखभाईंच्या मुलीचं लग्न होतं. फारूखभाई दापोलीकडचे. पूर्वी आमच्याच इमारतीत राहायचे, आता फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहेत. शारजातल्या हॉलमध्ये ते स्वतः पाहुण्यांच्या ताटात बिर्याणी वाढत फिरत होते. माझ्यापाशी थांबले.

"भाभी, मकरंदचं जमलं का पुण्यात?"

"कुठे जमतंय, फारूखभाई."

"मला त्याचं लई वाईट वाटलं. मी तर शिरीषला फोन केला होता ना, बुधवारी. बोललो, यल्ला, उद्याच पाठवून दे, मॅनेजर बसलाय, डॉक्युमेंटेशनचाच माणूस पाहिजे. शिरीष बोलला, इन्शाल्ला रविवारी पाठवतो. अरे, रविवारी कशाला? पण मी शनिवार शामपर्यंत जागा धरून ठेवली. मग खलास. दुसरा माणूस घेतला त्यांनी."

मी ताटाकडे बघत राहिले. बुधवार कुठला, शनिवार कुठला, हे मला विचारावं लागलं नाही.

शारजाहून परत येताना नेहमीसारखा ट्रॅफिक होता आणि पळून जायला शिरीषला जागा नव्हती. मी सरळ विचारलं. आधी त्याने कानावर हात ठेवले. मग म्हणाला, त्या जॉबची लेव्हलच मकरंदला सूट होणारी नव्हती. मग म्हणाला, सॅलरी काहीच नव्हती. शेवटी खरं ते बाहेर आलं.

"अगं, एका शनिवारचा तर प्रश्न होता! गुरुवारी तो फुजैराला गेला असता तर शर्यतींच्या कार्डचा अभ्यास कोणी केला असता? तुला माहितीये जॅकपॉट किती झाला होता? रुपयांत सांगू?"

"कुलकर्णींना माहीत होतं?"

"आम्ही डिस्कस केलं होतं," तो म्हणाला. डिस्कस! दोन शिकलेल्या माणसांनी बसून, मुद्देसूद, एका माणसाच्या पोटापाण्याचा विचार केला होता आणि तो शनिवारनंतर ढकलला होता. "आणि तू हे विसरतेस, की यात कोणाचा एक पैसासुद्धा गेला नाही."

मी काच खाली केली, तर बाहेरून डिझेलचा धूर आत आला. इरा मागे कानात इअरफोन घालून बसली होती. तिने ऐकलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

एक पैसासुद्धा गेला नाही, हे खरंच होतं. रेसकोर्सवर पैसे लावणारी माणसं निदान स्वतःच्या खिशातले लावतात, बायकोच्या शिव्या खातात, कर्जात बुडतात, आपण काहीतरी वाईट केलं एवढं तरी त्यांना समजतं. आमच्या लोकांना तेही समजायची सोय नाही. त्यांनी भाऊ लावला, मित्राचा भाऊ लावला, पुण्यातली एक लहान मुलगी लावली, आणि स्वच्छ हातांनी घरी येऊन वरणभात जेवले. शिरीष दुष्ट माणूस असता तर मी कधीच हिशेब मिटवून मोकळी झाले असते. तो आजारपणात माझे पाय चेपतो, गावच्या देवळाला वर्गणी पाठवतो, कोणाचं सामान विमानतळावर न्यायचं असेल तर आधी उठतो. असल्या चांगल्या माणसाच्या पोटात हे एवढं सहज मावू शकतं, याचीच मला जास्त घाण वाटते. मी त्याच्याशी बोलते, त्याच्या ताटात वाढते, पण काही काही वेळा तो चावत असताना मला त्याच्याकडे बघवत नाही.

मकरंदला मी काही सांगितलं नव्हतं. सांगून काय, नोकरी थोडीच परत येणार होती, आणि सख्ख्या भावांमध्ये विष कालवल्याचं पाप माझ्या माथी कशाला, असा विचार केला. तो आता सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. मागच्या हिवाळ्यात सीझन सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा मेसेज ग्रुपवर आला. सगळ्या शर्यतींचं विश्लेषण, नीट, मुद्द्यावर. लगेच कुलकर्णींचे हात जोडलेले इमोजी, 'गुरुजी इज बॅक'. तेव्हापासून दर शुक्रवारी तो पुण्याहून शिरीषला फोन करतो.

काल शुक्रवार होता. फोन वाजला तेव्हा शिरीष अंघोळीला गेला होता. मी उचलला.

"वहिनी, कशी आहेस? काय म्हणतो वेदर?"

त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी त्याला काहीतरी आणायला सांगत होतं. आवाज केतकीच्या आईचा असावा. तो आवाज, तो हुकूम, आणि इकडे उद्याच्या डब्यासाठी भिजत घातलेली डाळ. माझ्याच्याने राहवलं नाही.

"मकरंद, फुजैराला तुझ्यासाठी नोकरी होती. फारूखभाईंनी बुधवारीच सांगितलं होतं. दादाने तुला मुद्दाम कळवलं नाही. शनिवारची रेस होईपर्यंत थांबला."

त्याने दार ओढून घेतलं, मागचा कुकरचा आवाज बारीक झाला.

"माहितीये मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. शनिवारी सकाळी गाडीत कुलकर्णी बोलून गेले, चुकून. दादा पेट्रोल भरायला उतरला होता तेव्हा."

"अरे, मग तेव्हाच फारूखभाईंना फोन करायचास! त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा ठेवली होती!"

"करणार होतो." दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सरळ आवाजात त्याने पुढचं सांगितलं. "पण रेसकोर्सवर पोचलो तर सगळे माझी वाट बघत उभे होते, वहिनी. मी सांगितल्याशिवाय कोणी कागदावर एक खूणसुद्धा करत नव्हतं. असं माझ्यासाठी कोणी कधी थांबलं होतं का? म्हटलं, सहा शर्यती होऊ देत, मग करू फोन."

त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे फोन खिडकीतून खाली टाकून द्यावासा वाटला.

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "दादा आहे का? तिसऱ्या शर्यतीत एक नवा घोडा आलाय, त्याच्याबद्दल बोलायचंय."

शिरीष बाथरूममधून बाहेर आला होता. खांद्यावर टॉवेल, केस ओले. "मक्या ना? दे," म्हणत त्याने हात पुढे केला.

मी फोनवर तळवा ठेवला. "त्याला माहीत आहे," मी म्हटलं. "फुजैराचं. त्या शनिवारपासून माहीत आहे."

शिरीषचा हात तसाच हवेत राहिला. केसांतलं पाणी कपाळावरून नाकावर आलं, ते त्याने पुसलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. मला वाटलं आता हा खाली बसेल. निदान म्हणेल, नंतर बोलतो.

त्याने माझ्या हातातून फोन घेतला, टेबलावरचा कागद जवळ ओढला आणि म्हणाला, "हां मक्या, बोल. तिसरीत कोण?"